अंतर्द्वंद्वाचे पंचवीस गुण

कोणत्याही समाजाची प्रगती मोजायची असेल, तर त्याने आपल्या वीरांना काय काय माफ केले आहे ते पाहावे. मागासलेल्या समाजात वीराला काहीच माफ नसते. त्याने वेळेवर यावे, बोलेल तसे वागावे, संकटात पळू नये, अशा क्षुल्लक अपेक्षांनी त्या बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. प्रगत समाजात वीर उशिरा येतो, दिलेला शब्द मोडतो, आणि त्यानंतर त्याला किती वाईट वाटले हे सहाशे पानांत सांगितले जाते. लोक ती पाने विकत घेतात, डोळे पुसतात आणि दुकानदाराला विचारतात, पुढचा भाग कधी येणार.

या प्रगतीला ज्यांचा हातभार लागला, त्यांत गोदामांच्या गल्लीतल्या एका प्रकाशन संस्थेचे नाव आदराने घ्यावे लागेल. तळमजल्यावर बांधणी खाते, पहिल्या मजल्यावर कचेरी, दुसऱ्यावर धाकटे मालक, अशी तिची रचना आहे. ही संस्था अद्भुत कादंबऱ्या काढते. राक्षस, चेटकिणी, उडते साप, आणि या सगळ्यांच्या मधोमध तलवार घेतलेला एक माणूस. तो माणूस नायक व्हायच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवायला संस्थेने एक पगारी तपासनीस ठेवला आहे.

तपासनीस तसा नाकासमोर चालणारा. वय सत्तेचाळीस, नाकावर चष्म्याचे दोन वळ, अंगात राखाडी कोट. हा कोट तो बाराही महिने घाली, कारण त्याची खुर्ची खिडकीखाली होती आणि खिडकी पुरती लागत नसे. वीस वर्षांपूर्वी तो कामाला लागला तेव्हा एक नायक तपासायला त्याला पाच मिनिटे पुरत. थोरल्या मालकांनी भिंतीवरच्या फळ्यावर तीनच प्रश्न लिहून ठेवले होते: हा दिलेला शब्द पाळतो का? दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो का? पळून तर जात नाही? तिन्ही उत्तरे मनासारखी आली की सरदारकी बहाल. हे प्रश्न त्यांनी जुन्या काळच्या चिलखती सरदारांच्या शपथेतून उचलले होते. (त्या सरदारांपैकी प्रत्यक्षात किती जणांनी ती शपथ पाळली, याची चौकशी थोरल्या मालकांनी केली नव्हती. शपथ चांगली आहे, ती वाया कशाला घालवा, एवढेच त्यांचे म्हणणे.)

थोरले मालक गेले. त्यांचा फोटो जिन्यात लागला आणि फळा कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेला. धाकट्या मालकांनी आल्या आल्या शास्त्रीय पाहणी केली. एकूण एक हजार दोनशे बारा वाचकांना गाठून विचारण्यात आले, की तुम्हाला नायक कसा हवा. (यांपैकी सातशे जण पुस्तकाच्या दुकानात नुसती थंड हवा खायला आले होते. पण वाचक म्हणजे तरी दुसरे काय, असे पाहणी करणाऱ्यांचे मत पडले.) त्र्याण्णव टक्के लोकांनी एकच उत्तर दिले: आपल्यासारखा. आपल्यासारखा म्हणजे कसा, असे पुन्हा विचारल्यावर बहुतेकांनी घड्याळ पाहिले.

या उत्तरातून नमुना सात तयार झाला. (एक ते सहा कधीच निघाले नाहीत. सातपासून सुरुवात केली की संस्था जुनी वाटते.)

नमुना सात शंभर गुणांचा आहे. आवाहन नाकारण्याला पंधरा गुण. राज्य बुडते आहे, चला, असे सांगत कुणी दारात आले की नायकाने किमान तीनदा नाही म्हणायचे. पहिल्या हाकेला ओ देणारा उतावळा समजला जातो. विलंबित आगमनाला पंधरा: नायकाने गाव जळून गेल्यावर पोहोचावे, राखेकडे बघावे आणि जबडा आवळावा. (जुन्या भाषेत याला वरातीमागून घोडे म्हणत. त्या भाषेत संवेदनशीलता जरा कमीच होती.) जळण्याआधी पोहोचला तर शून्य, कारण मग बघायला राख उरत नाही. मोडलेल्या शपथेला पंधरा. ती साठाव्या पानाच्या आत मोडावी, म्हणजे पश्चात्तापाला जागा पुरते. व्रणाला दहा, पण तो गालावर किंवा भुवईवर हवा, नाकावर चालत नाही. शून्यात पाहण्याला दहा. झग्याला दहा, आणि तो फडफडला पाहिजे, वारा असो वा नसो.

उरलेले पंचवीस गुण एकट्या अंतर्द्वंद्वाचे. माणसाच्या मनात काहीतरी मोठे चालले आहे असे दिसायला हवे. नेमके काय चालले आहे ते कळले, तर मात्र गुण कमी. दिलेला शब्द पाळण्यासाठी नमुन्यात रकाना नाही. विनाकारण पाळल्यास एकूण गुणांतून पाच वजा करावेत, अशी बारीक अक्षरांत तळटीप तेवढी आहे. आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत: पस्तीसपेक्षा कमी गुणांचे पात्र कथेतून वगळावे.

या नमुन्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे पुलावरच्या सरदाराचे नूतनीकरण. थोरल्या मालकांच्या काळातले हे शहाण्णव पानांचे पुस्तक. पाणचक्की चालवणारी एक बाई सरदाराला विचारते, शत्रू येतोय, माझी माणसं नदीपलीकडे जाईपर्यंत पुलावर उभा राहशील का? सरदार म्हणतो, राहीन. आणि राहतो. दगड खातो, बाण खातो, पण हलत नाही. माणसे पलीकडे जातात, चक्कीवाली सर्वांत शेवटी जाते, मग सरदार चिलखत उतरवतो आणि नदीत पाय सोडून बसतो. पुस्तक संपले. तपासनीसाने ते पहिल्याच वर्षी पाच मिनिटांत पास केले होते आणि त्या रात्री घरी नेऊन पुन्हा वाचले होते. नमुना सातखाली त्याच सरदाराला चौदा गुण पडले, आणि तळटीप लावल्यावर नऊ राहिले.

धाकट्या मालकांनी ते पुस्तक तपासनीसाच्याच हवाली केले आणि म्हणाले, ह्याला माणसात आणा. तपासनीसाने आणले. नवा सरदार तिसऱ्या पानावर राहीन म्हणतो आणि चौथ्या पानावर निघून जातो. राहिलेल्या सहाशे छत्तीस पानांत तो पाच राज्ये ओलांडतो, सोबत एक घोडा असतो (घोड्यालाही भूतकाळ आहे) आणि एक बोलणारी तलवार असते, कारण नायक स्वतः फारसा बोलत नाही. मुखपृष्ठावर तो पाठमोरा उभा आहे, हात झग्यात. मुखपृष्ठकाराला माणसाचे हात काढता येत नाहीत, त्यामुळे संस्थेचे झाडून सगळे नायक हात झग्यात घालूनच उभे असतात. एका समीक्षकाने त्याला संयमाचे प्रतीक म्हटले, तेव्हापासून मुखपृष्ठकाराने हातांचा सरावही सोडून दिला.

सत्त्याण्णव गुण. पुस्तकावर उड्या पडल्या. वाचकांची चार हजार तीनशे सोळा पत्रे आली. तीन हजार नऊशे जणांना सरदार स्वतःला कधी माफ करणार याची काळजी होती. तीनशे जणांना घोड्याची होती. एकशे सोळा जणांना झगा कुठे मिळेल ते हवे होते. चौथ्या पानानंतर चक्कीवालीचे काय झाले, असे विचारणारे पत्र एकही नव्हते.

विचारणारे माणूस एकच निघाले, आणि ते वाचकांत धरले जात नाही, कारण ते पुस्तक वाचायला घेत नाही, शिवायला घेते. बांधणी खात्यातल्या शिवणबाई. छापून आलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक ठेवून सुई-दोऱ्याने शिवायचे, हे काम त्या सव्वीस वर्षे करत होत्या. पाने नीट लागली आहेत ना हे बघता बघता त्यांचे वाचन होई, तेही हाताला येईल त्या क्रमाने. कुठल्याही पुस्तकाचा शेवट त्यांना सुरुवातीआधी ठाऊक असे आणि त्यामुळे त्यांचे काही अडत नसे. एकदा त्यांनी तपासनीसाला जिन्यात गाठून विचारले होते, की हा नायक दर सोळा पानांत एकदा तरी शून्यात बघतोच, ह्याला चष्मा लागलाय का? नव्या सरदाराचे फर्मे आले तेव्हा त्या थेट वर कचेरीत आल्या.

"भाऊ, चक्कीवालीचं काय झालं हो? चाळीसच्या चाळीस फर्मे बघितले मी."

तपासनीसाने समजावून सांगितले की ही आता तिची गोष्ट नाही, सरदाराच्या मनाची आहे.

"असं कसं? शब्द तिला दिला होता ना?" असे म्हणून त्या खाली गेल्या. तपासनीसाने तो शेरा तांत्रिक स्वरूपाचा समजून सोडून दिला.

इथपर्यंत सगळे कागदावर चालले होते. पुढचे जे घडले ते एका शून्यामुळे. नमुना सातच्या पाचशे प्रती मागवायच्या होत्या, छापखान्याने पाच हजार पाठवल्या. धाकट्या मालकांना नासाडी खपत नसे. गठ्ठे जिन्यात रचले गेले, थोरल्या मालकांचा फोटो त्यांच्यामागे गेला, आणि धाकट्या मालकांना विचार सुचला की नायकांना एक माप आणि कर्मचाऱ्यांना दुसरे, हा दुजाभाव संस्थेने का करावा? 'पात्र' या शब्दावर काट मारून 'कर्मचारी' असा शिक्का मारण्यात आला. बाकी मजकूर तोच राहिला. रोखपालाला झग्याच्या रकान्यात 'घरी आहे' असे लिहून द्यावे लागले.

तपासण्याचे काम अर्थात तपासनीसाचे. त्याने ते कुणाचा मुलाहिजा न ठेवता केले. सर्वाधिक गुण टेम्पोवाल्याला पडले, अठ्ठ्याऐंशी. हा इसम सांगितलेले प्रत्येक काम तीनदा नाकारी. माल पोहोचवायला तो दुकान बंद झाल्यावर पोहोचे. भुवईवर टेम्पोचेच दार लागून झालेला व्रण होता. गाडी चालवतानासुद्धा तो शून्यात पाही, आणि उद्या नक्की येतो ही शपथ दर आठवड्याला मोडी. त्याच्या मनात काय चालते हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला अंतर्द्वंद्वाचे वीस गुण संशयाचा फायदा म्हणून देण्यात आले. झगा नव्हता, पण रेनकोट होता. त्याचे तीन.

शिवणबाईंच्या बोटांवर सुईच्या टोचण्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही. व्रणाचे चार. अंगावरचा निळा अॅप्रन फडफडत नसे. त्याचे तीन. हाक मारली की येत, सांगितलेल्या दिवशी गठ्ठा पुरा करत, नजर कायम सुईवर. मनात काही चालले असेल तर ते तोंडाने सांगून मोकळ्या होत. बेरीज सात. सव्वीस वर्षे दिलेला शब्द विनाकारण पाळल्याबद्दल वजा पाच. तपासनीसाने दोनदा बेरीज केली. दोन्ही वेळा दोनच आले.

शिवणबाई आपला कागद घेऊन वर आल्या आणि त्यांनी विचारले, हे दोन शंभरातले का? तपासनीसाने मान हलवली. त्यांनी सर्वांत खालची ठळक ओळ बोट ठेवून वाचली. त्यांचे वय छप्पन्न. गल्लीत हाताने शिवणारे दुसरे खाते नव्हते, आणि घरात कमावते हात दोनच, ते त्यांचेच. तपासनीसाला हे सगळे माहीत होते. तो बोलून गेला की शुक्रवारी समिती बसेल, तिथे तपासनीसाला विशेष निवेदन करता येते, निवेदन पटले तर चाळीस गुणांपर्यंत वाढवून मिळतात. मी बोलेन, शब्द देतो.

"बोलाल ना?"

"बोलेन."

"बरं," शिवणबाई म्हणाल्या आणि जाऊन कामाला बसल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत, पुन्हा आठवण करायलाही आल्या नाहीत. त्यांच्या लेखी काम झालेच होते. तपासनीसाला ही गोष्ट फार जड गेली.

घरी त्याने जेवताना बायकोला सांगितले. बायको दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, त्यामुळे लोकांना तोंड उघडायला लावणे हे तिचे रोजचेच काम. ती म्हणाली, मग बोला की, त्यात एवढा विचार कसला? तिने पर्समधून दवाखान्याचे एक कार्ड काढले आणि पाठीमागे पाच वाक्ये लिहून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. शिवणबाई सव्वीस वर्षं वेळेवर येतात. त्यांनी शिवलेलं एकही पुस्तक सुटून परत आलेलं नाही. असं आपल्याकडे दुसरं कुणी नाही. मी त्यांना गुण चुकीचे दिले. त्यांना ठेवा.

"उभं राहायचं, वाचायचं, बसायचं," बायको म्हणाली.

"इतकं सोपं नसतं ते. माझे स्वतःचे छत्तीस आहेत."

"म्हणजे पास आहात."

तपासनीसाने तिला तळटीप समजावली. त्याने शब्द दिला आहे. तो त्याने पाळला, की छत्तीसातून पाच जातात, एकतीस उरतात, आणि बाईंच्या पाठोपाठ तोही कथेतून वगळला जातो. बायकोने सगळे नीट ऐकून घेतले. मग ताटे उचलता उचलता तिने एकच विचारले, मग शब्द दिलात कशाला? याचे उत्तर नमुन्यात नव्हते.

शुक्रवारी तीन वाजता समिती दुसऱ्या मजल्यावर बसली. धाकटे मालक, त्यांची मेहुणी (ती विक्री बघे) आणि मुखपृष्ठकार. पहिला विषय टेम्पोवाल्याच्या बढतीचा. अठ्ठ्याऐंशी गुणांच्या माणसाला गाडीवर ठेवणे शोभत नाही, म्हणून त्याला बांधणी खात्याचा प्रमुख नेमावे असे ठरले. तो स्वतः हजर नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे त्याच्याविषयीचे मत आणखी चांगले झाले.

दुसरा विषय शिवणबाई. धाकट्या मालकांनी दोन हा आकडा मोठ्याने वाचला आणि कुणाला काही म्हणायचंय का, असे विचारले. तपासनीसाचा हात कोटाच्या खिशात गेला. कार्ड तिथेच होते, कोपरा बोटाला टोचत होता. पहिले वाक्य त्याला तोंडपाठ होते, नव्हे, पाचही वाक्ये होती. उठून उभे राहिले की झाले. पण तो उठला नाही. त्याला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींत भीती पावशेर जास्त होती.

"तपासनीस, विशेष निवेदन आहे का?" मालकांनी त्याच्याकडे बघून विचारले.

तो खिडकीकडे पाहू लागला. खाली टेम्पो उभा होता, त्यात कुणी नव्हते. मालकांच्या मेहुणीने तिसऱ्यांदा विचारले, मनात काही असेल तर बोला, आपण सगळे घरचेच आहोत. तपासनीसाने हात खिशातच ठेवला आणि जबडा आवळला. आवळला नसता तर त्याला रडू फुटले असते.

एरवी याला मूग गिळून बसणे म्हणतात. पण तीन जाणकार माणसे समोर बसलेली होती. धाकट्या मालकांनी मेहुणीकडे पाहिले, मेहुणीने मुखपृष्ठकाराकडे, आणि मुखपृष्ठकाराने वही काढून पाठमोरी रेघ ओढायला सुरुवात केली. वीस वर्षे आपल्यात वावरणाऱ्या माणसाच्या आत एवढे वादळ असेल, असे कुणाला वाटले नव्हते. शिवणबाईंना कथेतून वगळण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि लगेच तपासनीसाच्या गुणांची फेरमोजणीही ठरली.

तिथून तळमजला बत्तीस पायऱ्या खाली आहे. त्या उतरायला तपासनीसाला पाऊण तास लागला. मधे तो जिन्यातल्या गठ्ठ्यांपाशी थांबला, त्यांच्यामागून थोरल्या मालकांचा एक डोळा दिसत होता. तो खाली पोहोचला तेव्हा आदेश त्याच्या आधीच पोहोचला होता. शिवणबाईंनी तो फर्म्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवला होता आणि त्या शिवत होत्या.

"बोललात?" त्यांनी वर न बघता विचारले.

तपासनीस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्या आत काय चाललं होतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही, बाई."

"आतलं राहू द्या, भाऊ. बाहेर काय बोललात?"

तो तिथेच उभा राहिला आणि त्या एकामागून एक फर्मे घेत राहिल्या. त्याने विचारले, आता कशासाठी शिवताय? त्या म्हणाल्या, एवढा गठ्ठा आज देते म्हणाले होते. पुलावरच्या सरदाराचाच गठ्ठा होता तो, नवी आवृत्ती. पाचला पाच मिनिटे कमी असताना त्यांनी शेवटच्या गाठीचा दोरा कापला, ओळीने पुस्तकांच्या पाठी सारख्या केल्या, रीळ संस्थेचे म्हणून जागेवर ठेवले आणि सुयांची डबी स्वतःची म्हणून पिशवीत टाकली. अॅप्रनची घडी घालून खुर्चीवर ठेवली.

"येते," त्या दारातून म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत त्यांनी न पाळलेला हा एकच शब्द. तपासनीसाच्या मनात आले की हा मोडलेली शपथ म्हणून धरता आला असता तर पंधरा गुण वाढले असते. पण वाढूनही सतराच झाले असते, आणि फेरमोजणीची मुदत तर केव्हाच संपली होती. मग तो घडी घातलेल्या अॅप्रनकडे बघत उभा राहिला आणि खरोखर रडला. तिथे कुणी नव्हते, त्यामुळे याची कुठेही नोंद झाली नाही.

फेरमोजणीत तपासनीसाला एकोणनव्वद गुण पडले. तीनदा आवाहन नाकारल्याबद्दल पंधरा, आदेशानंतर खाली पोहोचल्याबद्दल पंधरा, मोडलेल्या शपथेबद्दल पंधरा, शून्यात पाहण्याचे दहा, राखाडी कोटाचे सात. व्रणाला दोनच मिळाले, कारण चष्म्याचे वळ नाकावर होते आणि नियम म्हणजे नियम. अंतर्द्वंद्वाचे मात्र पंचवीसपैकी पंचवीस. असे पूर्ण गुण संस्थेत माणसाला प्रथमच मिळाले, याआधी ते फक्त घोड्याला मिळाले होते. टेम्पोवाल्याचा विक्रम एका गुणाने मोडला.

संस्थेची तेव्हापासून भरभराट आहे. सरदाराच्या चौथ्या भागात नायक राजसभेत बसून राहतो आणि काहीही बोलत नाही. मुखपृष्ठावर राखाडी कोटातला एक पाठमोरा माणूस खिडकीबाहेर बघतो आहे. बांधणी खात्याचे नवे प्रमुख अद्याप रुजू झालेले नाहीत, त्यामुळे पुस्तके न शिवताच जातात आणि उघडल्याबरोबर पाने मांडीवर सांडतात. वाचकांना ते फार आवडले. नायकाचे मन विस्कटले आहे हे अशा रीतीने हाताला लागते, अशी पत्रे येतात. तपासनीसाला आता दुसऱ्या मजल्यावर खोली आहे आणि तिथली खिडकी नीट लागते. पाच वाक्यांचे कार्ड अजून त्याच्या कोटाच्या खिशात असते. बायको त्याच्याशी बोलते, पण त्याने काय बोलावे ते हल्ली लिहून देत नाही.

नमुना सातच्या शेवटच्या पानावर एक छोटा भाग वाचकासाठी राखून ठेवलेला आहे. तो भरून घेतल्याखेरीज गोष्ट पुरी झाली असे संस्था मानत नाही, म्हणून तेवढा भरून द्यावा. तपासनीस सभेत गप्प बसला, तेव्हा तोही काय करणार बिचारा, असे तुमच्या मनात आले का? त्याचे छत्तीस गुण तुम्ही त्याच्या वतीने मोजलेत का? आणि पाच वाजता हातात डबीची पिशवी घेऊन शिवणबाई त्या दारातून बाहेर पडल्या, त्या कुठे गेल्या, त्यांचे पुढे काय झाले, हे विचारावेसे वाटले का? पहिल्या दोन प्रश्नांना होय आणि तिसऱ्याला नाही, असे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण सध्या त्र्याण्णव टक्के आहे.

उत्तर लगेच सुचले नाही तरी घाबरू नये. तुमच्याकडेही कधीतरी कुणीतरी येऊन "बोलाल ना?" असे विचारले असेल, आणि "बरं" म्हणून विश्वासाने निघून गेले असेल. त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, तरी तुमच्या आत किती काय काय चालले होते, याची समितीला पूर्ण कल्पना आहे. पंचवीसपैकी पंचवीस. झगा कोणत्या मापाचा पाठवायचा, तेवढे कळवावे.